मुंबईच्या घट्ट गाठी

दादर चौपाटीवर रविवारी सकाळी ओहोटीच्या वेळी वाळूत दोरीचा चौकोन आखून त्यात उकिडवी बसलेली माणसं तुम्ही पाहिली असतील, तर त्यातली सगळ्यात तिरसट दिसणारी ती मी. "काय हरवलं का?" असं विचारणाऱ्या पहिल्या माणसाला मी नीट उत्तर देते, दुसऱ्याकडे नुसती बघते आणि तिसऱ्याच्या हातात सरळ चिमटा देऊन त्याला खाली बसवते. बसलेला माणूस सहसा लवकर उठत नाही, हा माझा अनुभव आहे.

माझी उभी हयात परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये गेली. आता सगळं मशीन करतं, पण मी नोकरीला लागले तेव्हा रक्तातल्या पेशी डोळ्यांनी मोजाव्या लागायच्या. काचेवर बारीक चौकोन आखलेले असतात. थोड्या चौकोनांत किती पेशी आहेत ते मोजायचं आणि त्यावरून अख्ख्या माणसाचा अंदाज बांधायचा. समुद्राचंही असंच करतात हे मला एका पेशंटमुळे कळलं. गिरगावात राहणाऱ्या या बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या, साखर तपासायला आमच्याकडे यायच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणतात, म्हणून मीही. सुई टोचताना पेशंटला बोलण्यात गुंतवायचं ही माझी सवय. त्या दिवशी उलटंच झालं. रक्त काढून झालं, कापूस दाबून झाला, तरी मॅडम मला सोडेनात.

"आम्ही समुद्रातलं प्लास्टिक मोजतो. आमच्याकडे उत्साही माणसं पुष्कळ आहेत, नीट मोजणारी नाहीत. तुम्ही याल?"

मला वाटलं झाडू मारायला बोलावतायत. तसं नव्हतं. तिथे आधी मोजायचं आणि मगच उचलायचं, हा नियम. जागा तीच, चौकोन तेवढाच, पद्धत तीच. इथे बाटलीचं झाकण, इथे पिशवीचा तुकडा, इथे जाळ्याचा दोरा. जगात ठिकठिकाणी मास्तर, गृहिणी, दुकानदार अशी साधी माणसं आपापल्या किनाऱ्यावर याच पद्धतीने मोजतात, म्हणून आमचं मोजलेलं त्यांच्या मोजलेल्याशेजारी ठेवता येतं, असं मॅडमनी सांगितलं. ते ऐकून मला एकदम बरं वाटलं. नुसत्या हळहळण्यापेक्षा मोजणं मला कधीही जास्त जमतं.

दादर चौपाटीवर मी लहानपणापासून आलेली. भेळ खाल्ली, वाळूत किल्ले केले, लग्न ठरत नव्हतं तेव्हा एकटीने चिडून फेऱ्याही मारल्या. पण त्या पहिल्या रविवारी खाली बसून जे पाहिलं ते आयुष्यात पाहिलं नव्हतं. चाळणीत मूठभर वाळू घेतली तर तळाशी पांढरे, गोल, साबुदाण्यासारखे दाणे उरले. हे काय म्हणून विचारलं तर मॅडम म्हणाल्या, हा कच्चा माल. कारखान्यात जायला निघालेला, वाटेत सांडलेला. याची बादली व्हायची होती की खेळणं, काही ठरलंच नव्हतं. मी तो दाणा नखावर घेऊन बघत बसले. अजून त्याचं काहीच बनलं नव्हतं, आणि तरी त्याचा कचरा झाला होता.

दुसरी गोष्ट एक चप्पल. डाव्या पायाची, रबरी, आपण बाथरूमला वापरतो तसली. तिच्या तळव्याला राखाडी देठाचे आणि पांढऱ्या शिंपल्यांचे घोसच्या घोस लटकलेले. मी कचरा म्हणून उचलायला गेले तर ते हलले. जिवंत होते! मॅडमनी ती चप्पल पाण्याच्या डबक्यात ठेवली, आणि थोड्या वेळाने प्रत्येक शिंपला किंचित उघडून त्यातून पिसासारखे पंजे बाहेर येऊन पाणी चाळायला लागले. एका चपलेवर अख्खी चाळ. कोणाची चप्पल, कुठे सुटली, किती दिवस समुद्रात फिरली, आणि ही एवढी बिऱ्हाडं तिच्यावर कधी येऊन राहिली? शाळेत विज्ञान शिकले, तीस वर्षं लॅबमध्ये काढली, पण असं तोंडात बोट घालून मी कधी उभी राहिले नव्हते. त्या दिवसापासून मी एकही रविवार चुकवला नाही.

आता गाठींकडे येते.

आमच्या चौकोनात दर वेळी हमखास सापडणारी एक गोष्ट म्हणजे तोंड बांधलेली पिशवी. मुंबईत निर्माल्य असं पिशवीतच समुद्रात जातं. कारण साधं आहे, देवाचं फूल कुणाच्या पायाखाली येऊ नये. म्हणून माणूस ते पिशवीत भरतो, पिशवीला गाठ मारतो, गाठीवर गाठ मारतो, आणि हात जोडून लांब भिरकावतो. मनात पाप कणभर नसतं. आमचा नियम असा, की पिशवी उघडायची आणि आतलं एकेक मोजायचं. पण निर्माल्याच्या पिशवीला हात लावायला कुणी पुढे होईना. हातमोज्यांची सवय मलाच. तेव्हा हे काम माझ्याकडे आलं.

एका पिशवीच्या गाठी सोडवायला मला घाम फुटला. सुटल्यावर आत पाहिलं तर झेंडूच्या पाकळ्या कोरड्या. दूर्वा कोरड्या. एक उदबत्तीचा अर्धा तुकडा, तोही कोरडा, अजून वास येणारा. पिशवी बाहेरून बघाल तर शेवाळ्याने हिरवी झालेली, कोपऱ्याला शिंपले चिकटलेले, म्हणजे कितीतरी दिवस पाण्यावर होती. आणि आत समुद्राचा एक थेंब शिरला नव्हता.

घरी येऊन जेवताना मी हे अगदी रंगवून आईला सांगितलं. मी आणि आई डिलाईल रोडच्या चाळीत राहतो, दोघीच. माझं लग्न शेवटी झालंच नाही आणि आता त्याचं कुणाला काही वाटत नाही, आईलाही. मी सांगितलं, अगं, समुद्रात टाकलं म्हणजे समुद्राला मिळालं असं नाही, ते आपलं तरंगत राहतं, बंदच्या बंद. आईच्या हातातला घास ताटात परत गेला. ती उठली, हात धुतला आणि कॉमन गॅलरीत जाऊन उभी राहिली. मला वाटलं हिला जेवताना कचऱ्याचं ऐकून किळस आली. मी बांगड्याचं कालवण संपवलं.

दुसऱ्या दिवशी मी ड्युटीला निघताना चपला घालत होते, तेव्हा मागून तिने विचारलं, "तुजे बाबा अजून पिशवीतच असतीत काय गे?"

माझ्या तेव्हा लक्षात आलं, आणि घातलेल्या चपला मी परत काढल्या.

बाबा आधी गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर लालबागला पाट आणि चौरंग बनवणाऱ्या एका दुकानात लागले आणि तिथेच म्हातारे झाले. ते गेले ते टाळेबंदीच्या दुसऱ्या वर्षी, ऐन वैशाखात. आजाराने नव्हे, झोपेतच गेले. त्यांचं एकच मागणं असायचं. आमचं गाव मालवणच्या अलीकडे, खाडीकाठी. "माका हय मुंबयत सोडू नको. आपल्या खाडीत नेऊन सोड." जत्रेला गावी गेलो की परतताना खाडीकडे बघून हे हटकून म्हणायचे आणि आई त्यांना दर वेळी दटावायची. पण त्या वैशाखात गाडी मिळेना, पास मिळेना, आणि घरात अस्थी किती दिवस ठेवायच्या? शेवटी आई आणि मी, तोंडाला मास्क लावून, पोलिसाला हात जोडून दादर चौपाटीवर गेलो. फडक्यातली पुरचुंडी आईने पिशवीत घातली होती. वाटेत कुणाचा पाय लागू नये म्हणून. गाठ तिने मारली, गाठीवर गाठही तिनेच मारली. पाण्यात गुडघाभर जाऊन तिने ती सोडली आणि ओहोटीबरोबर पिशवी तरंगत बाहेर गेली. बुडाली नाही याचा तिला तेव्हा आनंदच झाला होता. "बघ, कसे चालले," म्हणाली होती.

आणि आता तीच तरंगती पिशवी तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. बाबा खाडीत तर नाहीतच, समुद्रातही नाहीत. गाठ मारून कोंडलेले आहेत, आणि ती गाठ तिच्या हातची. मी तिला शंभर प्रकारे समजावलं. पिशवी फाटते गं, उन्हाने विरते, खडकावर आपटते. ती म्हणायची, "तू म्हटलंस ना, आत थेंब नव्हतो?" स्वतःच्या शब्दात मी अशी कधी अडकले नव्हते. ती नीट जेवेना, आणि संध्याकाळी दिवा लावला की बाबांच्या फोटोकडे न बघता आत यायची.

मी मॅडमना सांगितलं. असलं दुःख प्राणिशास्त्राच्या बाईंना सांगायचं म्हणजे बघा, पण मला दुसरं कुणी सुचलं नाही. त्या म्हणाल्या, "आईंना घेऊन या माझ्याकडे."

गिरगावातल्या त्यांच्या दोन खोल्यांत मॅडमनी भिंतीवरचा कोकण किनाऱ्याचा नकाशा आईला दाखवला आणि समुद्राची एक गोष्ट सांगितली. ती मलाही माहीत नव्हती. आपल्या किनाऱ्यालगतचं पाणी कायम एकाच बाजूला वाहत नाही. पावसाळ्यात ते खाली दक्षिणेला जातं, थंडीत उलटून वर गुजरातकडे. अख्खा समुद्र वर्षातून दोनदा कूस बदलतो. कोट्यवधी माणसं त्याच्या काठाला झोपतात, उठतात, कामाला जातात, आणि एवढं मोठं अंग इकडून तिकडे वळल्याचा कुणाला पत्ता लागत नाही. मी नकाशाकडे बघतच राहिले. आईला मात्र एकच हवं होतं.

"वैशाखात खयच्या बाजूक?"

"वैशाखात वारा वरून खाली येतो. पाणीही खाली वळायला लागलेलं असतं. म्हणजे कोकणाकडे," मॅडम म्हणाल्या. आईचा चेहरा उजळला. मॅडम खरं बोलणाऱ्या, त्यामुळे पुढचंही बोलल्याच. "पण पिशवीत हवा असली तर ती वाऱ्यावर जाते. कुठेही लागू शकते. नक्की कोणालाच सांगता येणार नाही. तेच तर आम्हाला शोधायचंय."

शोधायचा प्रयोग असा होता. लाकडाचे छोटे ठोकळे करायचे, तापलेल्या सुईने त्यांवर आकडा आणि फोन नंबर डागायचा, खाली लिहायचं, 'मुंबईचं प्लास्टिक कुठे जातं ते शोधतोय. मी सापडलो तर कळवा.' आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघाल्या की दूर पाण्यात सोडायचे. रंग नाही, वॉर्निश नाही, म्हणजे आपणच कचरा टाकला असं व्हायला नको. कोकणातून फोन येतील म्हणून माझा नंबर घातला, कारण मॅडमना मालवणी कळत नाही.

ठोकळ्यांसाठी लाकूड कुठून आणायचं, हा प्रश्न आईने सोडवला. लालबागच्या त्याच दुकानात ती स्वतः गेली. बाबांना ओळखणारा मालक अजून होता. पाटाच्या कापातून उरलेले तुकडे त्याने पोतं भरून दिले. मग आमच्या खोलीत महिनाभर लाकडाचा भुसा आणि जळका वास. मी डागायचे, आई पॉलिश पेपरने कडा घासायची. बाबा गेल्यापासून ती इतकी कामात रमलेली मी पाहिली नव्हती. शेजारचे विचारायचे, गणपतीचं काय काम घेतलंय का? आई म्हणायची, नाय, समुद्राचा असा.

वरळीच्या बंदरावर होडी तयार होती. नाखवा घाई करत होता. मॅडमनी पोत्याचं तोंड सोडलं, एक ठोकळा बाहेर काढला, दुसरा काढला, आणि माझ्याकडे बघायला लागल्या. प्रत्येक ठोकळ्यावर, अक्षरं नसलेल्या कोऱ्या बाजूला, मधोमध, कुंकवाचा ठळक टिळा. खोबरेल तेलात कालवून लाकडात चांगला मुरवलेला.

मी तिथूनच आईला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "मगे? दर्यात कोण असा कुकवाशिवाय धाडता?"

"अगं, पण सगळ्यांना?"

"एकट्याकच लावला असता तर बाकीच्यांका काय वाटला असता?"

"हा प्रयोग आहे, बारसं नव्हे!" मॅडम माझ्याच फोनमध्ये ओरडल्या. पण पुसून निघण्यातलं ते कुंकू नव्हतं, आणि ओहोटी कुणासाठी थांबत नाही. ठोकळे तसेच गेले. होडीच्या मागे पाण्यावर लाल टिळ्यांची ती रांग हेलकावत लांब होत गेली, तेव्हा रागावलेल्या मॅडमसुद्धा उभ्या राहून बघायला लागल्या. त्यातला प्रत्येक जण आता एकटा जाणार होता, कुठे ते आम्हाला माहीत नव्हतं, आणि आमच्या हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सुरुवातीला उरणहून फोन आला, अलिबागहून आला. मग थांबलेच. आई रोज विचारायची, "खयपर्यंत गेले?" मी सांगायचे, अजून काही नाही. तिला ठोकळ्यांशी देणंघेणं नव्हतं हे मला कळत होतं. इथून सोडलेली वस्तू तिथे पोचते का, एवढंच तिला हवं होतं. एक जरी पोचला, तर बाबाही पोचले असतील असं तिने मनाशी धरलं होतं. मीही, विज्ञानाची माणूस म्हणवणारी, ड्युटीवर फोन वाजला की हातातली नळी खाली ठेवून धावायला लागले होते.

गणपती झाले, नवरात्र झालं. आणि मग मॅडमना श्रीवर्धनकडच्या एका ओळखीच्या माणसाने गावात फिरत असलेला एक फोटो पाठवला. किनाऱ्यावर एका झाडाखाली आमचा ठोकळा. भोवती दगडांचं कडं. खाली लिहिलेलं, 'कोणीतरी उतारा टाकला आहे. गावात सर्वांना सांगितले आहे, हात लावू नये.'

तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. समुद्रातून आलेलं लाकूड, त्यावर कुंकू. ज्याला सापडेल तो एकतर घाबरून लांब पळणार, नाहीतर हात जोडून परत पाण्यात सोडणार. उलटं करून खालचा नंबर वाचतो कोण? मॅडम कपाळाला हात लावून म्हणाल्या, "तुमच्या आईंनी माझा प्रयोग देवाला वाहिला." मला हसू आवरेना. घरी येऊन हसत हसत आईला सांगितलं, आणि तिचा चेहरा बघून हसायचं थांबले. "म्हणजे ह्या पण माज्याच हातान झाला," एवढंच बोलली. पुन्हा तिचं जेवण कमी झालं, पुन्हा ती फोटोकडे बघेनाशी झाली.

दिवाळी उलटून गेली. थंडीचा रविवार होता, मी नुकतीच चौपाटीवरून येऊन केसांतली वाळू झटकत होते, आई भाकऱ्या थापत होती. अनोळखी नंबर. पलीकडे एक बाई, आवाज असा खणखणीत की फोनची गरजच नव्हती.

"देवाचो नंबर ह्योच काय?"

मी फोन कापणार होते. तेवढ्यात ती म्हणाली, "देवाच्या खाली लिवलेलो असा."

मी स्पीकर लावला. आईचे हात पिठात तसेच राहिले.

बाई देवगडच्याही खालच्या, एका खाडीच्या तोंडावरच्या वाडीतली. मासे सुकवून विकते म्हणाली. पाऊस सरता सरता तिला वाळूत आमचा ठोकळा मिळाला. कुंकू बघून तिने तो उचलला, खाडीकाठच्या देवळीत नेऊन ठेवला. लोकांनी त्याला तेल लावलं, फुलं वाहिली, वरून आणखी कुंकू लावलं. आता जत्रा जवळ आली म्हणून तिने देवळी धुवायला काढली, ठोकळा काथ्याने घासला आणि उलटा केला. "तर खाली फोन नंबर! म्हटलंय, असो कसो देव? लावून तरी बघूया."

आई इतकी हसली, इतकी हसली की पदर पिठाने भरला. मी नकाशा उघडला. आमच्या गावच्या वरची तिसरी खाडी. मुंबईहून निघालेलं एक हातभरसुद्धा नसलेलं लाकूड, ना वल्हं, ना शीड, लाटांवर उलटंपालटं होत, कितीतरी खाड्यांची तोंडं ओलांडून तिथे गेलं होतं. टिळा लावताना आईचं बोट त्यावर टेकलेलं होतं, आणि त्या बोटाची खूण अजून त्याच्यावर होती.

आईचं हसू थांबलं होतं. ती फोनजवळ वाकली आणि तिने विचारायचं ते विचारलं.

"बाय, तुमच्या थय मुंबयच्या पिशयो येतत काय गे? गाठ मारलेल्यो?"

"येतत तर! पावसात येतत, आदीमदी येतत. आणि तुमी मुंबयकार गाठी कित्याक गे इतक्यो घट्ट मारतास? माजी नखां गेली सोडवून सोडवून."

"तू सोडवतंस?"

"मगे? देव असो कोंडून ठेवचो? गाठ सोडतंय, फुलां असली तर फुलां खाडीत घालतंय. पिशवी घराक नेतंय, दर्यात परत टाकूची नाय. सासू माजी करी, आता मी करतंय."

आईने श्वास घेतला. मला तो ऐकू आला.

"आणि... राख असली तर?"

पलीकडची बाई म्हणाली, आता आवाज एकदम खाली आणून, "राख पण येता गे. त्या दोन वर्सांत तर लय इली. फडक्यात बांधलेली. ती मी अशी नाय टाकनंय. सुकती लागली, पाणी भायर जावक लागला की खाडीत उतरतंय, सोडतंय, हात जोडतंय. कोणाचो तरी माणूस असतलो."

पिठाचे हात तसेच जोडून आई फोनपुढे बसून राहिली. पलीकडची बाई दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाली, मग मीच तिला सांगितलं, की आम्ही जत्रेला येतो. ठोकळ्याचं काय करू, तिने विचारलं. मॅडमचा प्रयोग माझ्या डोक्यात होता, फोटो हवा होता, जागा नक्की करून हवी होती. ते सगळं मी पुढे घेतलंच. पण त्या क्षणी मी म्हणाले, राहू दे तिथेच.

बाबांची पिशवी तिच्याच हाताला लागली असं मी म्हणत नाही. शेकडो मैलांचा किनारा आहे, कुठेही लागली असेल, कुठेच लागली नसेल. मॅडम म्हणतील, एका ठोकळ्यावरून एवढंच सिद्ध होतं की एक ठोकळा पोचला. मला ते मान्य आहे. पण मी इतकी वर्षं चौकोनात बसून मोजलं ते नुसतं आपण टाकलेलं. समुद्राच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी ते सोडवत बसलेलं असेल, सासूने सुनेला शिकवून, कुणालाही न सांगता, हे माझ्या कुठल्याच मोजणीत आलं नव्हतं. त्या दुपारी मला समुद्रापेक्षा त्या बाईचाच जास्त अचंबा वाटला.

आई त्या दिवशी पोटभर जेवली. संध्याकाळी दिवा लावला आणि फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली.

जत्रेला आम्ही जाऊन आलो. देवळीतला ठोकळा पाहिला, त्या बाईची खरोखरच तुटलेली नखं पाहिली. निघताना आईने माझ्या लॅबमधला छोटा चिमटा तिला दिला, मला न विचारता.

आणि आता आई दर रविवारी माझ्याबरोबर दादरला येते. तिला मोजायला आवडत नाही, चौकोनात बसायला तर अजिबात नाही. वाळूवर घडीची खुर्ची टाकून बसते आणि बांधलेल्या पिशव्या मी तिच्यापुढे आणून ठेवते. हातमोजे घालत नाही. मॅडमनी मागे लागून पाहिलं, आता त्यांनीही सोडून दिलंय. एकेक गाठ ती नखाने, दाताने नव्हे असं मी बजावलंय म्हणून नखानेच, सावकाश सैल करते. आतलं काय ते मला मोठ्याने सांगते, मी मोजते. फुलं निर्माल्याच्या कलशात घालते, पिशवी वेगळी ठेवते.

गेल्या रविवारी एका पिशवीत फडक्याची पुरचुंडी निघाली. आईने ती उघडून पाहिली आणि पुन्हा अलगद मिटली. या वेळी आत काय ते तिने मोठ्याने सांगितलं नाही. साडी खोचून ती पाण्यात गेली, गुडघ्यापर्यंत, जिथे ती त्या वैशाखात उभी होती तिथेच. फडकं पाण्यात उलगडलं, हात जोडले.

परत आली तेव्हा तिच्या मुठीत रिकामी पिशवी होती. ती मला देत म्हणाली, "कोणाचो तरी माणूस होतो. पिशवी एक लिव."